समूहचित्रातील सांधा : बालकांच्या सहनिर्मितीची समीक्षा (ढाणकी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शालेय कलाशिक्षणात 'समूहकार्य' हा शब्द आता पुरेसा रूढ झाला आहे. शिक्षक-प्रशिक्षणात तो उच्चारला जातो, उपक्रमांच्या अहवालांत तो लिहिला जातो आणि शाळेच्या दर्शनी भागात लावलेल्या मोठ्या चित्राखाली 'इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांची सामूहिक कलाकृती' अशी ओळही दिसते. परंतु त्या कलाकृतीत सामूहिक असे नेमके काय आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बालकाच्या एकट्याच्या चित्राविषयी लिहिण्याची परिभाषा मानसशास्त्राने आणि कलाशिक्षणशास्त्राने सिद्ध केली आहे. अनेक मुलांनी मिळून केलेल्या कृतीविषयी मात्र समीक्षा कौतुकापलीकडे जात नाही. 'सर्वांनी मिळून किती छान केले' या वाक्यावर विषय संपतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी व तिच्या आसपासच्या परिसराच्या संदर्भात करावयाचा आहे. ही निवड केवळ सोयीची नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचा आहे. नदीपलीकडे नांदेड जिल्हा आणि अलीकडे पैनगंगा अभयारण्यालगतचा 'बंदी भाग' अशी त्याची रचना आहे. वऱ्हाडी वळणाची मराठी, तांड्यांवरील बंजारा बोली, उर्दू-दखनी आणि आदिवासी पाड्यांवरचे वेगळे उच्चार ऐकत इथली मुले वाढतात. जिथे भाषा एक नाही, तिथे मिळून काही घडविणे ही आपोआप होणारी गोष्ट नसते. म्हणूनच सहनिर्मितीचा प्रश्न इथे अधिक स्पष्टपणे पाहता येतो.

वाटप, जुळणी आणि सहनिर्मिती

समूहाने केलेल्या बालकलेचे ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात काम वाटून दिले जाते. शिक्षक किंवा वर्गातील 'चांगला हात' असलेला विद्यार्थी बाह्यरेषा काढतो आणि उरलेली मुले नेमून दिलेल्या जागी नेमून दिलेला रंग भरतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक मूल आपापल्या कागदावर स्वतंत्र चित्र काढते व ती सारी चित्रे एका फलकावर चिकटवली जातात. पहिल्यात हात अनेक असतात, मन एकाचेच असते. दुसऱ्यात मनेही अनेक असतात. पण ती एकमेकांना भेटत नाहीत. तिसऱ्या प्रकारात एका मुलाने केलेल्या गोष्टीमुळे शेजारच्या मुलाला आपली कृती बदलावी लागते, आणि त्या बदलाचा परिणाम पुन्हा पहिल्यावर होतो. खऱ्या अर्थाने सहनिर्मिती म्हणता येईल ती हीच.

हे तीन प्रकार ओळखण्यासाठी समीक्षकाने चित्राच्या मध्यभागाकडे न पाहता सांध्याकडे पाहावे. एका मुलाचे काम जिथे संपते व दुसऱ्याचे सुरू होते, ती जागा म्हणजे सांधा. वाटपाच्या चित्रात सांधा दिसतच नाही, कारण बाह्यरेषेने तो आधीच पुसलेला असतो. जुळणीच्या फलकावर सांधे ठळक असतात. पण ते डिंकाचे असतात, तिथे काही घडलेले नसते. सहनिर्मितीत सांधा हीच सर्वांत गजबजलेली जागा असते. तिथे तडजोड दिसते, भांडणाची खूण दिसते, कधी एकाने दुसऱ्यावर केलेली कुरघोडीही दिसते. गोधडी पाहणारी जाणती बाई कापडाचा तुकडा पाहण्याआधी टाका पाहते, हे इथे आठवावे.

या भेदाला आणखी एक भेद जोडावा लागतो. तो म्हणजे नमुना आणि नियम यांतील भेद. नमुना काय करायचे ते सांगतो. नियम कसे करायचे तेवढेच सांगतो. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांची मांडणी हा नियम आहे. तो माहीत असलेल्या चार मुली चार बाजूंनी बसल्या तरी मध्यभागी त्यांची गाठ पडते. वारली लग्नातील चौक सवाशिणी मिळून 'लिहितात', तेव्हाही त्यांच्यासमोर आराखडा नसतो. सर्वांना अवगत असलेली आकारांची लिपी तेवढी असते. नियम सामायिक असेल तर हात वेगळे राहूनही कृती एक होऊ शकते. नमुना सामायिक असेल तर हात वेगळे असण्याला काही अर्थच उरत नाही.

ढाणकी परिसरातील सामूहिक बालनिर्मिती

शाळेबाहेर या परिसरातील मुले जे मिळून घडवीत आली आहेत, त्याला कुणी 'कला' म्हटलेले नाही. तरीही वरील कसोटी लावण्यासाठी तीच सामग्री सर्वांत उपयुक्त आहे.

होळीच्या आधी काही दिवस विदर्भातील खेड्यांत मुले शेणाच्या चाकोल्या थापू लागतात. शेणाचा लहान गोळा, त्याची चापट चकती, मधोमध बोटाने पाडलेले भोक, उन्हात वाळवण आणि मग सुतळीत ओवून केलेली माळ, अशी ही साधी प्रक्रिया आहे. गोल चाकोलीबरोबर चंद्र, सूर्य, पान, नारळ असेही आकार केले जातात. होळीच्या दिवशी या माळा होळीवर चढतात आणि जळून जातात. कलाशिक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास या कृतीची रचना फार विचार करण्याजोगी आहे. तिचा नियम एकच आहे : भोक असले पाहिजे, म्हणजे ओवता येईल. आकार, जाडी, कड यांविषयी कसलेही बंधन नाही. चार वर्षांच्या मुलाची वेडीवाकडी चकती आणि अकरा वर्षांच्या मुलीची सुबक चांदणी एकाच सुतळीत शेजारी-शेजारी येतात. लहान मुलाचे काम 'सुधारून' घ्यावे लागत नाही, कारण माळेला त्याने बाधा येत नाही.

इथे सांधा म्हणजे सुतळी होय. माळ ओवताना कोणती चाकोली कोणत्या चाकोलीशेजारी येईल, जड नारळ मध्ये घ्यावा की टोकाला, दोन माळांपैकी कुणाची लांब झाली, या गोष्टींवर मुले वाद घालतात. निर्मितीतील सौंदर्यविचार त्या वादातच असतो. तो शिकविण्यासाठी कुणी मोठे माणूस तिथे नसते. मोठ्यांचा सहभाग गोठ्यातले शेण देण्यापुरता आणि फार तर भिंतीवर वाळत घातल्याबद्दल रागावण्यापुरता असतो. वस्तू शेवटी जाळायची असल्याने ती जपून ठेवण्याची, तिच्यावर नाव घालण्याची वा तिला क्रमांक देण्याची गरज कुणाला वाटत नाही.

भुलाबाईचा खेळ या दृष्टीने अधिक संमिश्र आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या या खेळात भुलाबाई-भुलोजीची मूर्ती बहुधा कुंभाराकडून येते. मुलींच्या वाट्याला येते ते तिच्या भोवतीचे विश्व. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, फुलांची व चिरमुऱ्यांची सजावट, टिपऱ्यांच्या तालावरची गाणी आणि डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ ही सगळी मुलींची रचना आहे. यातील बरीच गाणी साखळीच्या घाटाची आहेत. एका कडव्याच्या शेवटी दुसऱ्याचा धागा सुरू होतो. नात्यांची, दागिन्यांची वा पदार्थांची नावे एकामागून एक जोडली जातात आणि गाणे हवे तितके लांबविता येते. नियम स्थिर, भर घालण्याची मुभा मात्र मोकळी. चाकोलीच्या माळेचे तत्त्व इथे शब्दांत उतरले आहे.

बंजारा तांड्यांवरील तीज हा असाच एक उत्सव. श्रावणात अविवाहित मुली टोपल्यांत माती घालून गहू पेरतात, रोज मिळून पाणी घालतात, गातात आणि नवव्या दिवसाच्या सुमारास वाढलेल्या अंकुरांची मिरवणूक काढतात. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणे हा मुलांचा आणखी एक उद्योग. परंतु तो मुख्यतः ज्याचा त्याचा असतो. तान्ह्या पोळ्याला सारे बैल एका रांगेत उभे राहतात तेव्हाच त्याला सामूहिक रूप येते. पश्चिम महाराष्ट्रातील दिवाळीच्या किल्ल्याशी या साऱ्याची तुलना करता येईल. त्या किल्ल्यातही एकाच ढिगावर अनेक हात चालतात आणि बुरुज कुठे यावा यावरून गल्लीत तंटे होतात.

मात्र या परंपरांकडे पाहताना भाबडेपणा टाळला पाहिजे. लोकपरंपरेतील सामूहिकता सर्वसमावेशक होती, असे मानण्यास आधार नाही. भुलाबाई मुलींची, किल्ला व बैल मुलांचे, ही वाटणी कडक होती. कोणत्या अंगणात कोणत्या घरच्या मुलीने बसायचे, खिरापत कुणाच्या हातची खायची, हे जातीने ठरत आले. तीज तांड्याची, भुलाबाई गावाची आणि मोहल्ल्यातील मुले या दोन्हींच्या बाहेर. म्हणजे या खेळांतील सहनिर्मितीचे तत्त्व जितके मोलाचे, तितकीच त्यांच्या वर्तुळाची परीघरेषा अरुंद. ज्या एकमेव ठिकाणी ही सर्व मुले एका छपराखाली येऊ शकतात ते ठिकाण शाळा हे आहे. म्हणूनच शाळेतील समूहकलेचा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासापुरता उरत नाही.

शिवाय या परंपरांचा भौतिक आधारही निसटत आहे. गेल्या काही दशकांत विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले आणि सोयाबीन व कापूस यांनी शिवार व्यापले. सोयाबीनच्या काडाचा मांडव होत नाही. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली तसे गोठे कमी झाले आणि चाकोलीचे शेण मागून आणावे लागू लागले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल विकत येतो आणि स्पर्धा बैलाची न राहता सजावटीची व मुलांच्या वेशभूषेची होते. साहित्य परिसरातून येते तोवर मुलांचा निर्मितीवर ताबा असतो. ते बाजारातून आले की तो ताबा पैसे देणाऱ्या पालकाकडे जातो, ही बाब कलाशिक्षणाच्या चर्चेत फारशी विचारात घेतली जात नाही.

एकट्या बालकाचा सिद्धान्त आणि सेवाग्रामचा पर्याय

शाळेने या तत्त्वाकडे दुर्लक्ष का केले, याचे एक कारण आधुनिक बालकला-विचाराच्या घडणीत सापडते. व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये बालकांसाठी सुरू केलेल्या कलावर्गापासून ते हर्बर्ट रीड यांच्या १९४३ मधील 'एज्युकेशन थ्रू आर्ट' या ग्रंथापर्यंत या विचाराच्या केंद्रस्थानी स्वतंत्र बालक राहिले. मोठ्यांच्या अनुकरणातून मुलाला मुक्त करणे हे त्या विचाराचे मोठे कार्य होय, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मूल मुक्त करावयाचे म्हणजे एकटे करावयाचे, असा त्याचा अर्थ व्यवहारात रूढ झाला. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या 'क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ' मध्ये साधारणतः नऊ ते बारा या वयाला 'टोळीचे वय' म्हटले आणि याच काळात मुलांना मिळून काम करण्याची ओढ वाटते, असे प्रतिपादन केले. त्यांचे विकासटप्पे अध्यापक विद्यालयांतून पाठ केले जातात. त्यातील टोळी मात्र पाठांतरातच राहते. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारा परीक्षार्थी तर पूर्णपणे एकटाच असतो, आणि शाळेतील चित्रकलेचे यश प्रामुख्याने त्याच श्रेण्यांवरून मोजले जाते.

वेगळी वाट शोधण्यासाठी विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यातून नयी तालीमची कल्पना आकाराला आली. सेवाग्राम येथील हिंदुस्तानी तालीमी संघाने ती आर्यनायकम् दांपत्याच्या नेतृत्वाखाली राबविली. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद (१९२१-२०११) १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. शांतिनिकेतनात निर्मिती ही वसतिगृहाच्या भिंतींपर्यंत पोहोचलेली होती. तेथील 'कालो बाडी' या मातीच्या वास्तूवरील उत्थित शिल्पे शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून घडविली होती. हा संस्कार घेऊन आलेल्या देवी प्रसाद यांना कला हा वेळापत्रकातील एक विषय न वाटता साऱ्या शिक्षणाचा पाया वाटला. नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे शीर्षकच 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' असे आहे.

या भूमिकेतील एक ताण मात्र लक्षात घ्यावा लागतो. नयी तालीमचा गाभा उत्पादक हस्तोद्योग हा होता. सूत, कापड, भाजीपाला यांची उपयुक्तता मोजता येत होती. मुलाच्या चित्राला तसे माप नव्हते. देवी प्रसाद यांचे महत्त्व असे की, उद्योगकेंद्री व्यवस्थेत त्यांनी मुलाच्या आविष्काराची जागा राखली. तसे करताना आश्रमजीवनातील सामूहिकता त्यांनी सोडली नाही. सण, प्रार्थनास्थळाची मांडणी, परिसराची स्वच्छता व सजावट ही तेथे एकाच साखळीतील कामे होती. भुलाबाईच्या अंगणातील जातीची रेषा जिथे पुसण्याचा प्रयत्न झाला, असे ते एक ठिकाण होते. असे असूनही आज 'कार्यानुभव' आणि 'कला' हे विषय बहुतेक शाळांत कागदावर शेजारी आणि प्रत्यक्षात एकमेकांना अनोळखी असतात. ज्या विदर्भात हा प्रयोग झाला तिथल्या जिल्ह्यांनाही हे लागू पडते, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

बोलक्या भिंती आणि मूक मुले

जिल्हा परिषद शाळांच्या 'बोलक्या भिंती' हे अलीकडच्या काळातील सर्वांत मोठे शालेय चित्र होय. पाढे, नकाशे, प्राणी, महापुरुष, आगगाडीच्या डब्यांसारख्या वर्गखोल्या असे त्यांचे विषय असतात. लोकवर्गणीतून रंग येतो, पेंटर येतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत शाळा रंगून तयार होते. शाळा आकर्षक होते हे खरे. गावाचा शाळेशी संबंध जुळतो हेही खरे. परंतु मुलांच्या वयाला साजेशी म्हणून निवडलेली ही चित्रे मुलांच्या अनुपस्थितीत काढलेली असतात. भिंत बोलते ती मोठ्यांच्या आवाजात. एखाद्या शाळेत मुलांना 'सहभाग' म्हणून त्यात हाताचे ठसे उमटवू दिले जातात. हा ठसा सहनिर्मितीचे सर्वांत कमकुवत रूप आहे, कारण कोणत्याही मुलाच्या जागी दुसरे मूल असते तरी भिंतीत फरक पडला नसता.

राष्ट्रीय दिनी होणाऱ्या गटरांगोळी स्पर्धेत हीच गोष्ट दुसऱ्या प्रकारे घडते. घराघरात ठिपक्यांच्या नियमाने चालणारी रांगोळी स्पर्धेत आली की छापील चित्रावरून काढलेली 'पोर्ट्रेट' रांगोळी होते. गटातील एक मुलगी चेहरा काढते, दुसरी चाळणी धरते, तिसरी रंग पुरविते. बक्षीस तिघींना मिळते. अनेकींना मिळून चालणारी पद्धत टाकून एकीचे कौशल्य आणि दोघींची मदत अशी पद्धत शाळेने रूढ केली, आणि तिलाच 'गटकार्य' असे नाव दिले.

यामागे केवळ शिक्षकांची अनास्था आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाला दहावीपर्यंत अनिवार्य स्थान देण्याची शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला-एकात्मिक शिक्षणाचा पुरस्कार आहे. तथापि शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टानुसार उच्च प्राथमिक स्तरावर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद लागू होते ती पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असेल तरच. बंदी भागातील वाडी-तांड्यांवरच्या शाळांची पटसंख्या लक्षात घेतली, तर ही अट म्हणजे कलाशिक्षक न देण्याचीच तरतूद ठरते. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या असतील, तर तयार बाह्यरेषा हा त्यांच्यासाठी सोपा नव्हे, तर एकमेव मार्ग असू शकतो.

मूल्यमापनाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात समूहकार्य व प्रकल्प यांना साधनतंत्रे म्हणून स्थान मिळाले, ही स्वागतार्ह बाब होती. पण नोंद प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र ठेवावयाची असल्याने समूहाचे काम पुन्हा नावानिशी तोडावे लागते. 'चित्रात आकर्षक रंग भरतो', 'गटात उत्साहाने सहभागी होते' अशी वाक्ये तयार पुस्तिकांतून उतरवली जातात. दोन मुलांमध्ये काय घडले हे लिहिण्यासाठी नोंदवहीत जागाच नाही.

कर्तृत्व कुणाचे?

समूहकलेविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न कर्तृत्वाचा आहे, आणि तो केवळ ग्रामीण शाळेचा नाही. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात टिम रॉलिन्स (१९५५-२०१७) यांनी १९८० च्या दशकात शाळेतील मागे पडलेल्या मुलांबरोबर जे काम केले, ते 'टिम रॉलिन्स अँड के.ओ.एस.' या नावाने संग्रहालयांत पोहोचले. के.ओ.एस. म्हणजे 'किड्स ऑफ सर्व्हायव्हल', तगून राहिलेली मुले. काफ्काच्या 'अमेरिका' या कादंबरीच्या शेवटी येणाऱ्या तुताऱ्यांच्या प्रसंगावरून प्रत्येक मुलाने स्वतःची सोनेरी तुतारी रेखाटली आणि कादंबरीच्या पानांवर त्या साऱ्या एकमेकींत गुंतवून मोठे चित्र तयार झाले. हे तत्त्व चाकोलीच्या माळेचेच आहे. नियम एक, आकार ज्याचा त्याचा. परंतु माळ ओवण्याचे काम इथे बऱ्याच अंशी मोठ्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली होते आणि कृती जळण्याऐवजी विकली जात होती. गटाच्या नावात शिक्षकाचे नाव आहे, मुलांची मात्र आद्याक्षरांत मावणारी एक सामुदायिक ओळख आहे. या असमतोलाविषयी पाश्चात्त्य समीक्षेत वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते.

इटलीतील रेज्जो एमिलिया येथील दियाना बालशाळेतील मुलांनी शहरातील आरिओस्तो नाट्यगृहासाठी केलेल्या पडद्याचा प्रकल्प याहून वेगळा आहे. तो २००२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेथे मुलांच्या चर्चांची, बदललेल्या आराखड्यांची, कुणाचे चित्र कुठे यावे यावर झालेल्या बोलण्याची बारकाईने नोंद ठेवली गेली. म्हणजे सांध्यांचे दस्तऐवजीकरण झाले. अर्थात तिथे प्रत्येक शाळेत स्वतंत्र कलादालन आणि कलामार्गदर्शक असण्याची व्यवस्था आहे. तिची नक्कल शंभरच्या आत पट असलेल्या शाळेत करता येणार नाही. नोंद ठेवण्याची पद्धत तेवढी उचलता येईल. तिला खर्च लागत नाही.

एका शक्य प्रकल्पाची चिकित्सा

ढाणकी परिसरातील वर्गासाठी सण वगळून, सर्व वस्त्यांतील मुलांना सारखाच परिचित असा विषय निवडावयाचा झाल्यास आठवडी बाजार हा सर्वांत योग्य ठरेल. तांड्यावरचा मुलगा, पाड्यावरची मुलगी, मोहल्ल्यातील व पेठेतील मुले यांचे आईबाप एकमेकांना तिथेच भेटतात. किराणा दुकानातील खाकी कागद चिकटवून केलेला लांब पट्टा जमिनीवर अंथरावा. प्रत्येक मुलाला साधारण दोन हात रुंदीची जागा द्यावी. आराखडा देऊ नये. नियम दोनच असावेत. बाजाराची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुटता कामा नये. आणि प्रत्येक कडेची एक वीत जागा शेजारच्या दोघांची मिळून असावी, तिथे एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय काही काढू नये.

अशा चित्रात अडचणी लगेच निर्माण होतील. एकाची वाट वर येईल, दुसऱ्याची खाली. एकीने काढलेली भाजीवाली शेजारच्याच्या दुकानापेक्षा उंच भरेल. 'टोळीच्या वया'तील मुलांना प्रमाणाची जाणीव नुकतीच होऊ लागलेली असल्याने हे दोष त्यांना स्वतःला खटकतील. शिक्षकाने खडू उचलून वाट सरळ करून देण्याचा मोह याच क्षणी आवरावयाचा आहे. कारण या विसंगतीवर मुले जो उपाय काढतात तो कोणत्याही आराखड्यात सुचलेला नसतो : वाटेला उतार देणे, मध्ये झाड किंवा पायरी घालणे, उंच बाईला टोपलीच्या ढिगावर बसविणे, किंवा दोन्ही भागांतून जाणारी एक बैलगाडी अर्धी याने व अर्धी तिने काढणे. शेवटच्या उपायात बैल एका शैलीचे व चाके दुसऱ्या शैलीची होतील. सफाईच्या दृष्टीने तो दोष होय. समीक्षेच्या दृष्टीने त्या चित्रातील ती सर्वांत मोलाची जागा ठरेल.

भांडण मिटले नाही तर काय, हा प्रश्न उरतो. दांडगे मूल शेजाऱ्याची वीत बळकावते, बुजरे मूल देऊन टाकते आणि अनेकदा या दांडगाईला लिंग व जात यांचा आधार असतो. सहनिर्मितीचा गौरव करणाऱ्या लिखाणात याकडे डोळेझाक होते. शिक्षकाचे खरे काम इथे आहे. त्याने चित्र दुरुस्त न करता नियम पाळला जातो की नाही, हे पाहावे. त्यासाठी त्याला उत्तम चित्रकार असण्याची आवश्यकता नाही. वर्गातील कोण कुणाशेजारी बसत नाही हे मात्र माहीत असले पाहिजे आणि जागा वाटताना ते ध्यानात ठेवले पाहिजे.

साहित्य शक्यतो परिसरातले असावे. गेरू, कोळसा, चुना, उकळलेल्या पळसफुलांचा केशरी-पिवळा रंग आणि या भागात पिकणारी हळद एवढ्यावर बाजार रंगू शकतो. शेणाची चाकोली जे देत होती ते, म्हणजे पैशावाचून मिळणारी सामग्री, त्यामुळे परत मिळते. यात आणखी एक गोष्ट अनायासे साधते. हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग तयार होतो. एकाने हळदीने रंगविलेले ऊन आणि शेजारणीने चुन्याने रंगविलेली भिंत ओली असताना एकमेकांना लागली, तर कडेच्या विती-विती जागेत दोघांपैकी कुणाच्याही वाटीत नसलेला तांबडा पट्टा उमटेल. तो राखावा की झाकावा, हे त्या दोघांनीच ठरवावयाचे आहे.

नोंद ठेवताना प्रत्येक सांध्यासाठी दोन ओळी पुरेशा होतील : अडचण कोणती आली आणि ती कुणी, कशी सोडविली. वीस मुलांच्या पट्ट्यात असे एकोणीस सांधे असतील. चित्राखाली नावे लिहावयाची झाल्यास ती हजेरीपटाच्या क्रमाने न लिहिता सांध्यांच्या क्रमाने, दोन-दोन अशी लिहावी लागतील. त्यात दोन टोकांवरची मुले सोडली तर प्रत्येक मुलाचे नाव दोनदा येईल, दर वेळी वेगळ्या सोबत्याबरोबर.